थर्मोस्टॅट काढू नका
लिलावात घेतलेला जुना लष्करी ट्रक गरम होत असेल तर त्याचा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकायचा सल्ला दिला जातो, तो कृपया मानू नका. अशा बऱ्याच इंजिनांत पाणी तापलं की थर्मोस्टॅटच बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट, बंद करतो. तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरतं, आणि गाडी आणखी तापते.

लिलावातला ट्रक वर्षानुवर्षं उभा असतो, म्हणून आधी गाळ बघा. होज सोडवून रेडिएटरमध्ये खालून वर पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत. खालचा होज दाबून पाहा. मऊ पडला असेल तर इंजिन रेस केल्यावर पंपाच्या ओढीने चपटा होतो. मंद चालीवर हे कळतही नाही! वेट लायनरचं (सिलिंडरच्या नळीला, म्हणजे लायनरला, बाहेरून थेट पाणी लागतं असं) डिझेल इंजिन असेल तर हेवी ड्युटी डिझेलचंच कूलंट घाला, नाहीतर लायनरला पाण्याच्या बाजूने खड्डे पडतात.