मोठ्या रंगमंचासाठी नटाने नेमकी कशाची तयारी करावी?

प्रश्न:
मी आजवर छोट्या नाट्यगृहांतच, पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाची चुळबुळही जाणवेल इतक्या जवळून, भूमिका केल्या आहेत. हजारभर खुर्च्यांच्या प्रेक्षागृहात काम करण्याची इच्छा मनात फार वर्षांपासून आहे. परंतु तेथे गेल्यावर अभिनयातले बारकावे हरवतील आणि नुसते मोठ्याने बोलणे उरेल, अशी धास्ती वाटते. अनुभवी रंगकर्मींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
आवाज चढवणे हा यावरचा उपाय नव्हे. मोठ्या नाट्यगृहात वाक्याची सुरुवात सर्वांना ऐकू येते, शेवट मात्र गिळला जातो आणि मराठीत तर नकारही बहुधा शेवटीच येतो. ‘मी तुला कधी माफ करणार’ एवढेच शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले आणि ‘नाही’ ओठांतच राहिले, तर प्रसंगाचा अर्थच उलटतो. म्हणून तालमीत एका सहकाऱ्याला अगदी मागे बसवावे आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द त्याला कळतो का, एवढेच विचारावे. बारकावे हरवत नाहीत, त्यांना फक्त मोकळी जागा द्यावी लागते: मान वळवायची असेल तर बोलता बोलता वळवू नये, वाक्य संपवून वळवावी, म्हणजे ती हालचाल बाल्कनीतूनही दिसते.

उत्तर २:
शब्दफेकीइतकाच दमसास महत्त्वाचा आहे. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या 500 किंवा अधिक आसनांच्या व्यावसायिक नाट्यगृहांत, आठवड्याला साधारण आठ प्रयोग होतात. तिथवर पोहोचण्याची महत्त्वाकांक्षा अवश्य बाळगावी. मात्र आठव्या प्रयोगालाही तोच राग, तेच रडू नव्याने आणता येईल का, याचा कस आधी स्वतःच लावून पाहावा.

उत्तर ३:
वरील दोन्ही उत्तरे तंत्राची आहेत. मला भीतीविषयी लिहावेसे वाटते, कारण ती केवळ नवख्यांनाच गाठते असे नाही. ख्यातनाम इंग्रज नट लॉरेन्स ऑलिव्हिए ब्रिटनच्या नॅशनल थिएटरचे संचालक होते आणि साठीकडे झुकले होते, तेव्हा त्यांना रंगमंचाच्या भीतीने ग्रासले आणि ती काही वर्षे टिकली. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकात नायकाची भूमिका करताना आपण एकटे पडू नये म्हणून त्यांनी इयागोची भूमिका करणाऱ्या फ्रँक फिनले यांना नजरेला पडेल असे विंगेत थांबण्याची विनंती केली होती. त्यामुळे आपणही ही धास्ती तालमीच्या काळातच एखाद्या सहकलाकाराला मोकळेपणाने सांगावी आणि विंगेत कोण, कुठे उभे राहील हे दिग्दर्शकांशी बोलून आधीच ठरवून घ्यावे.