परदेशात फिरायला जाताना पैसे कसे नेता? तुमचे अनुभव (आणि फजित्या) सांगा

जाईजुई
काल मखराचं सामान काढायला माळ्यावर चढले आणि आईची जुनी निळी सुटकेस हाताला लागली. आत एक कापडी पट्टा, नाडीवाला, गंजलेली सेफ्टी पिन अजून तशीच. बघताक्षणी ओळखला. १९९९ ला आईबाबा युरोपला गेले होते, बाबा बँकेतून रिटायर झाले त्या पैशातून, तेव्हा आईने जुन्या परकराच्या पॉपलिनचा तो शिवला होता. आत तीन कप्पे, एक पासपोर्टचा, एक नोटांचा, आणि एक कशाचा ते तिलाही आता आठवत नाही.

जायच्या आधी पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. डॉलरचे ट्रॅव्हलर्स चेक घेतले होते. घेताना एक सही करायची आणि तिकडे वटवताना त्यांच्यासमोर दुसरी, दोन्ही जुळल्या पाहिजेत. एवढ्या टेन्शनने बाबा रात्री जेवणानंतर वहीत स्वतःच्याच सहीचा सराव करायचे, आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या ताडून बघितलेला माणूस! चेकचे नंबर लिहिलेला एक कागद आईकडे, एक माझ्याकडे, एक मामाकडे. युरोच्या नोटा तेव्हा आल्या नव्हत्या, त्यामुळे फ्रान्समध्ये फ्रँक, हॉलंडात गिल्डर, इटलीत लिरा. आई म्हणायची सकाळी उठलं की आधी विचारायचं आज कुठले पैसे.

तर काल त्या पट्ट्यात घडी घातलेली १० मार्कांची नोट निघाली. तिच्यावर गणितवाले गाउस आहेत आणि त्यांच्या शेजारी चक्क तो घंटेसारखा आलेख छापलाय. लेक स्टॅटिस्टिक्स शिकते, ती नोट सोडायलाच तयार नाही.

दिवाळीत आम्ही चौघं इटली आणि स्वित्झर्लंडला चाललोय. लेक म्हणते कॅश कोण नेतं आई, फोन टेकवायचा. नवरा म्हणतो फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून नेतात ते. आणि आईने पट्टा धुऊन, नवी नाडी ओवून माझ्या हातात ठेवलाय. रेट सांगू नका, ते गूगलवर आहेत. तुमचं काय झालं ते सांगा.

खारीबिस्किट
चोरखिसा!! आमची आजी काशीला गेली तेव्हा तिच्या परकराला आतून होता. आता पैसे काढायचे म्हणजे आडोसा शोधायला लागायचा ना, त्यामुळे तिने वाटेत काहीच घेतलं नाही, सगळे पैसे परत आणले. बचतीची सगळ्यात खात्रीची योजना.

उंडगा
ती नोट टाकू नका हां. मार्क जर्मनीची सेंट्रल बँक अजूनही बदलून देते, मुदतच ठेवलेली नाही. १.९५५८३ मार्काला १ युरो, म्हणजे तुमचे झाले ५.११ युरो. फ्रेंच फ्रँक असते तर नुसता कागद, त्यांची मुदत फेब्रुवारी २०१२ मध्येच संपली.

खारीबिस्किट
५ युरोत इटलीत काय येतं? कॉफी उभ्याने पिणार असाल तर तीन, बसून पिणार असाल तर एक :)

बंड्याची_आई
कुकर लावलाय, पटकन लिहिते. बँकॉक. आमचे हे म्हणाले जास्त कॅश जवळ नको, लागेल तशी एटीएममधून काढू, हजार हजार बाथ. तिथलं मशीन तेव्हा परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाथ कापत होतं हे तिसऱ्या दिवशी कळलं. पाच वेळा काढले होते. ५००० काढायला ११०० दिले, आपल्या बँकेचा चार्ज वेगळा. एवढ्यात दोघांचा मसाज झाला असता, मी त्यांना ते अजून ऐकवते. काढायचेच तर एकदाच काय ते मोठी रक्कम काढा. आणि डॉलर नेणार असाल तर शंभराच्या कोऱ्या नोटा न्या, बारक्या नोटांना तिकडे रेट कमी देतात, घडी पडलेल्या आणि शाई लागलेल्या तर उलटसुलट करून बघत बसतात. शिट्टी झाली, येते.

दोन_तास_लेट
आमचे सासरे. व्हिएन्नात दुकानात कार्ड दिलं, मशीनवर आलं रुपये की युरो. सासरे छाती काढून म्हणाले रुपये, आपला रुपया चालतोय बघा इथं! सगळ्यांना बोलावून स्क्रीन दाखवली, फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला. मग तीन दिवस प्रत्येक ठिकाणी रुपयेच दाबलं. घरी आल्यावर मी स्टेटमेंट घेऊन बसलो. रुपये दाबलं की तो दुकानवाला किंवा त्याचं मशीन स्वतःचा रेट लावतं, आणि तो कधीच आपल्या फायद्याचा नसतो. कायम तिथलंच चलन दाबायचं, युरो तर युरो, बाथ तर बाथ. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही, तो फोटो त्यांचा डीपी आहे.

बंड्याची_आई
हाहाहा डीपी!! सांगू नका, राहू द्या बिचाऱ्यांना.

बर्फातली_सून
उलटी केस. मी स्टॉकहोमला असते. आईबाबा पहिल्यांदा आले तेव्हा बाबांनी पुण्यातून कष्टाने शोधून क्रोनर आणले, मी सांगितलं होतं नका आणू, तरी. मुलीच्या घरी जाऊन तिच्या पैशावर कसं फिरायचं हे त्यामागचं खरं कारण, ते मला कळत होतं. इथे बसमध्ये कॅश घेतच नाहीत, कॅफेच्या दारावर पाटी, कॅश नाही. म्युझियमला नाही. बाबा दर ठिकाणी ऐटीत पाकीट काढायचे आणि समोरची मुलगी हसून मान हलवायची. पाचव्या दिवशी ते बाकावर बसून म्हणाले, अगं हे खरे पैसे आहेत ना?

शेवटी एका भारतीय वाणसामानाच्या दुकानात चालले. बाबांनी तिथे ११ किलो तांदूळ, तूरडाळ, लोणची, मॅगी असं सगळं घेतलं, एवढं की आम्ही मार्चपर्यंत खात होतो. दुकानदाराशी हस्तांदोलन केलं. या वर्षी येतील तेव्हा मी आधीच सांगितलंय कार्ड करा, पण आई हळूच म्हणाली थोडे क्रोनर आहेत गं अजून, तांदळापुरते.

जाईजुई
@बर्फातली_सून "हे खरे पैसे आहेत ना" 😭 माझे बाबा असते तर हेच म्हणाले असते.

निवांत_नाना
तुम्ही लोक नशीबवान. माझा मोठा भाऊ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बाहेर गेला तेव्हा सरकार ८ डॉलर हातात द्यायचं. आठ. आता वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर पाठवता येतात, फक्त नोटांच्या रूपात बहुतेक देशांसाठी एका ट्रिपला ३००० डॉलरच्या वर नेता येत नाहीत, बाकी कार्डावर घ्यावे लागतात. भाऊ विमानातला पाव आणि लोण्याची पुडी खिशात घालून उतरला होता. आता तिकडेच असतो, आला की सगळ्यांना मॉलमध्ये नेऊन जेवण देतो पण पाव उरला तर अजून रुमालात बांधतो.

मेथीदाणा
धाग्याला सोडून विचारते, इटलीला ठेपले नेऊ का खाकरे? आणि लसणीची चटणी बॅगेत फुटली तर काय होतं हे कुणी अनुभवलंय का?

खारीबिस्किट
फुटली होती. नवऱ्याचा ब्लेझर. अजून त्याला भूक लागते तो घातला की.

पोटापुरता
मी मुक्तिनाथच्या यात्रेला, २०१९, आईला घेऊन. नेपाळला कसले आलेत परकीय चलनाचे प्रश्न म्हणून खिशात सगळ्या पाचशेच्या नोटा. २०१८ च्या डिसेंबरातच तिकडे शंभराच्या वरच्या आपल्या नोटांवर बंदी आली होती, आम्हाला पोखऱ्याला कळलं. चहावाला आधी विचारतो आयसी की एनसी, म्हणजे इंडियन की नेपाळी, आणि आपला १ रुपया म्हणजे त्यांचे १.६०. पाचशेची नोट पाहिली की मात्र हात मागे. तेवढ्यात आईने पदराखालून शंभराच्या नोटांची गड्डी काढली. म्हटलं ही कुठून? म्हणाली दक्षिणेला सुटे लागतात म्हणून आणलेत. चार दिवस आम्ही दक्षिणेवर जेवलो.

अर्धा_कप
व्हिएतनाम. २० हजाराची नोट निळी आणि ५ लाखाचीही निळीच. होय, ५ लाख. हनोईत नारळपाणी प्यायले, २० हजार दिले आणि चालू लागले. मागून बाई ओरडत पळत येतेय, मला वाटलं अजून मागतेय, टुरिस्ट बघून लुबाडतायत, मीही चालण्याचा वेग वाढवला. तिने दंडाला धरलं आणि हातात ४ लाख ८० हजार मोजून ठेवले. आपले सोळाशेच्या आसपास झाले असते. मी इतकी ओशाळले की परत जाऊन अजून एक नारळ प्यायले, पोटात जागा नव्हती तरी. तेव्हापासून रात्री हॉटेलवर नोटा लावून ठेवते, मोठ्या एका कप्प्यात, बारक्या एका. नवऱ्याने आल्यावर सगळ्यांना सांगितलं आम्ही तिकडे करोडपती होतो.

चिमटा
श्रीलंकेत यूपीआय चालतं म्हणून (२०२४ फेब्रुवारीत सुरू झालं) मी शहाणपणा करून कॅश कमी नेली. कोलंबोत मोठ्या दुकानात चाललं, मी लगेच स्टोरी टाकली. एल्लाच्या डोंगरात टुकटुकवाल्याला विचारलं क्यूआर आहे का, तो म्हणाला मॅडम माझ्याकडे छत्री आहे.

दोन_तास_लेट
हे मी फ्रेम करून लावणार आहे. माझ्याकडे छत्री आहे.

सदाफुली
@जाईजुई इटलीला जाताय म्हणून सांगते, घाबरवायला नाही. रोमची मेट्रो, गर्दी, नवऱ्याच्या पुढच्या खिशातलं पाकीट गेलं. पुढच्या! दोन पोरी नकाशा विचारत होत्या एवढंच आठवतंय. त्यात फॉरेक्स कार्ड, क्रेडिट कार्ड, ३०० युरो, सगळं एकत्र, कारण मीच म्हटलं होतं एका जागी ठेव म्हणजे हरवणार नाही. ॲपवरून कार्डं दहा मिनिटांत ब्लॉक केली, पण कॅशचं काय. माझ्या पर्समध्ये २० युरो आणि कुंकवाची डबी. फॉरेक्स कार्डासोबत दुसरं जादा कार्ड दिलेलं असतं ना, ते आम्ही घरी कपाटात ठेवलं होतं, सुरक्षित म्हणून. ग्रुपमधल्या एका नागपूरच्या काकांनी न विचारता २०० युरो दिले, कागद नाही काही नाही, म्हणाले पोहोचल्यावर बघू. आता दर संक्रांतीला फोन होतो.

जाईजुई
बापरे. ते जादा कार्ड आमचंही नवऱ्याच्याच पाकिटात ठेवायचं ठरत होतं. आता ते पट्ट्यात.

पोटापुरता
@सदाफुली वाईट वाटलं वाचून. पण नागपूरकर काका 🙏

कागदी_होडी
आमचं कार्ड चोरीला नाही गेलं, पिन गेला. पिनचं पाकीट कोथरूडच्या घरी, आम्ही स्वित्झर्लंडात इंटरलाकेनला. तीनदा चुकला, कार्ड लॉक. शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली होती म्हणून रात्री (त्यांच्या) दोन वाजता त्यांना उठवून कपाट उघडायला लावलं, त्यांना पाकीट सापडेना, सापडलं ते गॅसचं पुस्तक. शेवटी बँकेला फोन करून नवा पिन काढला.

आणि एक, कार्डात नुसते युरो भरून स्वित्झर्लंडला जाऊ नका. तिकडे स्विस फ्रँक चालतात, युरोतून फ्रँक कापताना वर चार्ज लागतो. थोडे फ्रँक वेगळे भरून घ्या. दुकानात युरो दिले तर बरेच जण घेतात पण सुटे फ्रँकमध्ये देतात, मग ते फ्रँक संपवायला चॉकलेटं. असं आमचं चॉकलेटचं बजेट झालं.

मेथीदाणा
कुणीतरी टीसीएस (बिलातच आधी घेतात तो कर) सांगा ना, आमच्या टूरच्या बिलात २०२४ मध्ये ५ टक्के लावले होते, गेले का ते?

निवांत_नाना
गेले नाहीत. तुमच्या पॅनवर जमा असतात. २६एएस (आपल्या नावावर जमा कराचा उतारा) मध्ये दिसतील, रिटर्न भरताना धरायचे, कर निघत नसेल तर परत मिळतात. भरलं का रिटर्न?

मेथीदाणा
ह्यांना विचारते. (भांडण होणार.)

शिळोप्या
आमची बाली, ८ नोव्हेंबर २०१६. बस तारीखच सांगतो. येताना मुंबई ते पुणे टॅक्सीला म्हणून पाचशे-हजाराच्या नोटा बाजूला ठेवल्या होत्या, १४ हजार. व्हॉट्सअॅपवर आलं, मी बायकोला म्हटलं फॉरवर्ड आहे, दुर्लक्ष कर, आणि झोपलो. सकाळी हॉटेलात सगळे भारतीय नाश्ता सोडून टीव्हीसमोर. परक्या देशात परकं चलन खिशात व्यवस्थित होतं, आपलंच बाद! उतरल्यावर टॅक्सीवाल्या दादांना खरं काय ते सांगितलं, ते म्हणाले बसा, पंपावर घेतायत अजून, डिझेल मी त्यातच भरतो. बाकीच्या नोटा मग रांगेत उभं राहून बँकेत भरल्या. त्या रांगेत ऊन बालीपेक्षा जास्त लागलं.

जाईजुई
सगळ्यांचं वाचून ठरलं ते असं. दोन कार्डं दोघांच्याकडे, तिसरं आणि थोडे युरो-फ्रँक पट्ट्यात माझ्याकडे, लेकीला फोन टेकवू दे तिला हौस आहे तर. नवऱ्याने वरचा धागा वाचला आणि पिन पाठ करत फिरतोय, आंघोळ करताना मोठ्याने म्हणतो, आता तो बिल्डिंगला पाठ आहे.

आणि ती १० मार्कांची नोट. आज आईला फोन करून विचारलं का ठेवली होती. तर म्हणे जर्मनीत बसमधून उतरताना बाबांनी दिली, संडासाला लागतील म्हणून. तिथे दाराशी बाई बशी घेऊन बसलेली, सगळे चिल्लर टाकत होते. आईकडे चिल्लर नाही, नोट टाकली तर उरलेले परत कसे मागायचे, भाषा येत नाही. म्हणून गेलीच नाही. मुक्कामाला पोहोचेपर्यंत धरून बसली, तीन तास.

सदाफुली
अगं बाई!! काकूंना साष्टांग. सुटे मात्र खरंच न्या, ५० सेंट, १ युरोची नाणी, स्टेशनांवर, हायवेवर लागतातच.

खारीबिस्किट
म्हणजे तो तिसरा कप्पा सुट्यांचा करायचा आता. @जाईजुई पट्ट्याचं माप टाका ना, फोटोसकट. पॉपलिनच घेऊ का मलमल चालेल? मलमल घामाने चिकटते का?

बंड्याची_आई
मलमल नको, नाणी जड होतात, फाटेल. जुन्या उशीचा अभ्रा घे, धुऊन धुऊन मऊ झालेला. आणि नाडी नको, वेल्क्रो लाव.

खारीबिस्किट
वेल्क्रोचा आवाज होतो पण. भर दुकानात टर्रर्र.