बाबांना आतून वाटतंय म्हणून फ्लॅट घ्यावा का?

भायखळाकर_मुलगी:
बाबा फायर ब्रिगेडमधून रिटायर झाले. ते सांगतात, धुराचा रंग, तो कुठून येतोय, पायाखालची लादी किती तापलीय, एवढ्यावरून माणसं आत पाठवायची की बाहेर काढायची हे ठरायचं. पर्यायांची तुलना करत बसायला वेळच नसायचा. परवा बदलापूरला बांधकाम चालू असलेला फ्लॅट एकदाच पाहिला आणि म्हणाले, "हाच घ्यायचा, मला आतून वाटतंय." फंडाचा सगळा पैसा त्यात जाईल. मानसशास्त्र अशा निर्णयांबद्दल काय सांगतं?

हार्बरवाला:
हर्बर्ट सायमन, 1978चं अर्थशास्त्राचं नोबेल. माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही, पुरेसं चांगलं दिसलं की थांबतो. बाबांनी तेच केलं. घेऊन टाका.

दादरची_मास्तरीण:
इतकी घाई नको. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी 1980च्या दशकात अमेरिकेतल्या अग्निशमन अधिकाऱ्यांचाच अभ्यास केला. तेही तुलना करत नव्हते. ओळखीची खूण दिसली की पहिला सुचलेला मार्ग मनात चालवून बघायचे आणि जमतोय असं वाटलं की कामाला लागायचे. दुसरे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांचा अशा अंतर्ज्ञानावर फारसा विश्वास नव्हता. 2009 मध्ये मात्र दोघांनी मिळून लेख लिहिला. त्यांच्या मते आतल्या आवाजावर भिस्त ठेवायला दोन गोष्टी लागतात: परिस्थितीत नियमितपणा हवा आणि आपलं चुकलं की बरोबर, हे वारंवार कळायला हवं. आगीत ते मिनिटांत कळतं. बिल्डर ताबा वेळेवर देतो का, हे कळायला वर्षं जातात, आणि घर आपण आयुष्यात घेतो एखाद-दुसरं. खात्री मात्र दोन्हीकडे सारखीच वाटते, धोका तिथेच आहे. बाबांना विचारा, नेमकं काय पाहून वाटलं?

भायखळाकर_मुलगी:
विचारलं. म्हणाले, जिना रुंद आहे आणि आवारात बंब वळेल एवढी जागा आहे.

दादरची_मास्तरीण:
मग तेवढ्यापुरता त्यांचा शब्द डोळे मिटून माना, ती नजर आयुष्यभराच्या नोकरीतून आलीय. बिल्डरचं महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर बघा: नोंदणी क्रमांक, ताब्याची तारीख, कोर्टातली प्रकरणं. आणि क्लाइन यांचाच एक उपाय बाबांसोबत करा. तीन वर्षांनी हा व्यवहार फसलाय असं धरून चाला आणि का फसला, ते दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा. टोकन त्यानंतर.