डेबकॉन्फहून घरी परतल्यावर की-साइनिंगच्या सह्या: क्रम काय ठेवावा?

निळी_शाई

डेबकॉन्फच्या, म्हणजे डेबियन लिनक्सच्या वार्षिक परिषदेच्या, की-साइनिंगची छापील यादी समोर आहे. (की-साइनिंग म्हणजे समोरासमोर ओळख पटवून एकमेकांच्या जीपीजी या एन्क्रिप्शन प्रोग्रॅमच्या कींवर डिजिटल सही करणे.) तीसेक नावांपुढे 'फिंगरप्रिंट बरोबर' आणि 'ओळखपत्र पाहिले' या दोन्ही चौकटींत खुणा आहेत, काहींपुढे एकच. (फिंगरप्रिंट म्हणजे कीचा चाळीस अक्षरांचा ओळखक्रमांक.) इतरांच्या कींवर सही फक्त मुख्य कीने होते. ती प्रवासात नेली नव्हती, घरी पेनड्राइव्हवर आहे. लॅपटॉपवर फक्त सबकी, म्हणजे रोजच्या वापराच्या दुय्यम की.

कॅफ (सह्या करून त्या मेलने पाठवणारा प्रोग्रॅम) वापरावे, की सही करून ती सरळ की सर्व्हरवर (पब्लिक की सगळ्यांसाठी ठेवणाऱ्या सर्व्हरवर) चढवावी? चाचणीसाठी स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्याला कॅफने मेल पाठवली. 'पाठवली' असे दिसते, पण पोचली नाही. काहींचे पासपोर्टवरचे नाव कीवरच्या नावाशी तंतोतंत जुळत नव्हते, त्यांचे काय करायचे? आणि माझ्या कीवर इतरांनी केलेल्या सह्या इम्पोर्ट करून की सर्व्हरवर चढवल्या, तरी तिथे का दिसत नाहीत?

कोकणकडा

सरळ सर्व्हरवर चढवू नका. कॅफ कीवरच्या प्रत्येक पत्त्यासाठी वेगळी सही करते आणि ती सही त्याच पत्त्याला, त्याच कीने एन्क्रिप्ट करून पाठवते. त्यामुळे ती मेलपेटी आणि खासगी की दोन्ही एकाच माणसाच्या हातात असतील तरच सही बाहेर पडते. तुम्ही स्वतः चढवलीत तर ही तपासणीच होत नाही, शिवाय कीच्या मालकाला विचारलेलेही नसते. २०१९ च्या जूनमध्ये दोन जुन्या कार्यकर्त्यांच्या कींवर कोणीतरी लाखाहून जास्त खोट्या सह्या चढवल्या होत्या. त्या की डाउनलोड करणाऱ्यांचे जीपीजी अक्षरशः गोठत होते.

आता क्रम. एकच खूण असलेली नावे आत्ताच खोडा, आठवणीवर विसंबून दुसरी खूण करू नका. मग यादीची जी फाइल आयोजकांनी दिली होती तिचा एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तपासणीचा आकडा) पुन्हा काढा आणि सभागृहात वाचून दाखवलेल्या, तुम्ही कागदावर लिहून घेतलेल्या आकड्याशी ताडून पाहा. जुळला तर फाइलमधले फिंगरप्रिंट कॉपी करून वापरता येतात. नाहीतर कागदावरून चाळीसच्या चाळीस अक्षरे जुळवा. शेवटची आठ अक्षरे पाहून भागत नाही: तेवढी जुळणारी खोटी की साध्या ग्राफिक्स कार्डावर काही सेकंदांत बनते. अशा नकली की २०१६ मध्ये की सर्व्हरवर सापडल्या होत्या, त्यांत लिनस टोरवाल्ड्सच्या नावाचीही होती.

पुढे लॅपटॉपवर सगळ्या की ताज्या डाउनलोड करा. 'एक्स्पायर' दिसणाऱ्या बऱ्याच की खरे तर मालकाने मुदत वाढवलेल्या असतात, तुमच्याकडची प्रत जुनी असते. सगळ्या पब्लिक की एका फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून ती नेटवर्क नसलेल्या मशीनवर न्या. मुख्य की तिथेच उघडायची. (लॅपटॉपवर कॅफ चालवलीत तर सहीच होणार नाही. खासगी कींच्या यादीत 'सेक'पुढे हॅशची खूण दिसते, याचा अर्थ मुख्य की इथे नाही.) त्या मशीनवर साइनिंग-पार्टी हे पॅकेज आधीच टाकलेले हवे, कॅफ त्यातच येते. कॅफला डाउनलोड करू नको, ही फाइल वाच, मेल पाठवू नको, असे तिन्ही पर्याय द्या. सही झालेल्या की त्या दिवसाच्या तारखेच्या फोल्डरात, कॅफच्या लपलेल्या डिरेक्टरीत पडतात. त्या लॅपटॉपवर आणून मेल तिथून पाठवा.

इथे एक गोष्ट हमखास अडते. कॅफचे स्वतःचे वेगळे जीपीजी होम (की आणि सेटिंग ठेवायची डिरेक्टरी) असते, तुमच्या नेहमीच्या जीपीजीमधल्या सेटिंग तिथे आपोआप लागू होत नाहीत. आणि चोवीस तासांहून जुनी सही कॅफ आपणहून एक्स्पोर्ट करत नाही. शनिवारी सही करून पुढच्या शनिवारी मेल पाठवायला बसलात तर ती पत्ते गाळत जाईल. जुन्या सह्याही एक्स्पोर्ट कर, असा पर्याय आहे, तो द्या. त्यापेक्षा सह्या आणि मेल एकाच बैठकीत उरका.

रात्रपाळी

मेल न पोचण्याचे कारण बहुतेक एक्झिम (मशीनवरचे मेल पाठवणारे सॉफ्टवेअर) आहे. डेबियनमध्ये ते मुळात 'फक्त स्थानिक डिलिव्हरी' या सेटिंगवर येते. कॅफ मेल त्याच्या हवाली करून मोकळी होते, म्हणून 'पाठवली' दिसते. एक्झिम ती बाहेर पाठवतच नाही आणि तक्रारीची मेल तुमच्याच मशीनवरच्या स्थानिक पेटीत टाकते. ती पेटी एकदा उघडून पाहा.

एक्झिम नीट करत बसण्यापेक्षा एमएसएमटीपी (मेल बाहेरच्या सर्व्हरकडे सोपवणारा छोटा प्रोग्रॅम) आणि त्याचे एमटीए पॅकेज टाका, ते मेल पाठवणाऱ्या सेंडमेल या आज्ञेची जागा घेते. पोर्ट ५८७ ठेवा. घरच्या ब्रॉडबँडवरून पोर्ट २५ बऱ्याचदा बंद असतो, आणि उघडा असला तरी घरगुती आयपीवरची मेल समोरचे सर्व्हर नाकारतात. जीमेल असेल तर टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड घ्यावा लागेल, नेहमीचा पासवर्ड चालत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ताही त्याच खात्याचा ठेवा, नाहीतर मेल स्पॅममध्ये जाऊ शकते.

बदल केल्यावर आधी पुन्हा स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यालाच पाठवून पाहा. ती उघडली, तिच्यातली सही इम्पोर्ट झाली, मगच बाकीचे. एखाद्या कीला एन्क्रिप्शनची चालू सबकी नसेल तर कॅफ विचारते की साधीच पाठवू का. 'नाही' म्हणा आणि त्या माणसाला सबकीची मुदत वाढवायला कळवा.

उंबरठा

नावांबद्दल. आपल्याकडच्या पासपोर्टवर नावापुढे बऱ्याचदा वडिलांचे नाव असते, कीवर बहुतेक फक्त नाव आणि आडनाव. हा फरक मी फरक धरत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेले आणि कीवर जुने आडनाव असेल तर जुन्या नावाचे ओळखपत्र दाखवलेले हवे. ते पाहिले नसेल तर सही थांबवावी, त्यात समोरच्याचा अपमान नाही. फक्त टोपणनाव असलेला पत्ता असेल तर तेवढाच वगळून बाकीच्यांवर सही करता येते, कॅफ प्रत्येक पत्त्यावर वेगळे विचारते.

आणि कोणाच्या पासपोर्टचा किंवा आधारचा फोटो 'घरी नीट पाहू' म्हणून फोनमध्ये घेतला असेल तर तो आत्ता काढून टाका, बॅकअपमधूनसुद्धा. ओळखपत्र समोर पाहायचे आणि परत द्यायचे. साठवायचे नाही.

अर्धविराम

चौथ्या प्रश्नाचे उत्तर. आता डेबियनमधले जीपीजी मुळात कीज-ओपनपीजीपी या सर्व्हरकडे जाते. तो सर्व्हर इतरांच्या सह्या काढून टाकूनच की देतो. उबंटूच्या की सर्व्हरवर सह्या राहतात, तिथे चढवा. तिथून परत डाउनलोड करून तपासाल तरी फसाल: जीपीजी २.२.१७ पासून सर्व्हरवरून आणलेल्या कीमध्ये फक्त मालकाच्या स्वतःच्या सह्या ठेवल्या जातात. त्यामुळे सर्व्हरच्या वेबपानावर पाहा. मेलमधून आलेली फाइल हाताने इम्पोर्ट केली तर सह्या गळत नाहीत.

तुमची की आधीपासून डेबियनच्या कीरिंगमध्ये (सदस्यांच्या कींच्या अधिकृत संग्रहात) असेल तर ताजी की कीरिंगच्या सर्व्हरलाही पाठवा. तो नव्या की घेत नाही, असलेल्यांचे बदल घेतो, आणि ते साधारण महिन्यातून एकदा मुख्य कीरिंगमध्ये मिसळले जातात. दोन दिवसांत दिसले नाही म्हणून पुन्हापुन्हा पाठवू नका.

डेबियन डेव्हलपर (प्रकल्पाचा अधिकृत सदस्य) होण्यासाठी कीवर सहसा किमान दोन डेबियन डेव्हलपरांच्या सह्या लागतात. २०२३ मध्ये कोचीला डेबकॉन्फ पहिल्यांदा भारतात झाली, तेव्हा कितीतरी लोकांना त्या एका आठवड्यात मिळणे शक्य झाले. एरवी सोलापूर, नांदेड किंवा सावंतवाडीत बसलेल्या माणसाला दुसरा डेव्हलपर प्रत्यक्ष भेटायला मोठा प्रवास करावा लागतो. म्हणून तुमच्या यादीत जे अजून अर्जाच्या वाटेवर आहेत आणि तुम्ही स्वतः डेव्हलपर आहात, तर सगळ्यात आधी त्यांच्या सह्या पाठवा. जुन्या डेव्हलपरांच्या कीवर ढीगभर सह्या असतात, ते थांबू शकतात.

निळी_शाई

एक्झिमच होते, स्थानिक पेटीत तक्रारीची मेल सापडली. एमएसएमटीपीने चाचणीची मेल पोचली आणि इम्पोर्टही झाली. आज रात्री अर्जदारांच्या सह्या जातील. एकच राहिले: काम झाल्यावर ही छापील यादी ठेवायची की फाडायची?

कोकणकडा

सगळ्यांचे मेल पोचेपर्यंत ठेवा. कोणी 'माझी सही आली नाही' म्हणून विचारले तर खूण पाहून पुन्हा पाठवता येईल. त्यानंतर फाडा. पुढच्या परिषदेत तोच माणूस नवी की घेऊन आला तर या कागदाचा काही उपयोग नाही, ओळख आणि फिंगरप्रिंट दोन्ही पुन्हा पाहावे लागतात.