डिजिटल केबलच्या सक्तीने ग्राहकाला काय मिळालं?

मिरजकर:
२०११ च्या कायदा दुरुस्तीने केबलला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. २०१२ मध्ये मुंबईसह चार महानगरं, २०१३ मध्ये पुणे-नागपूर धरून ३८ शहरं, आणि मार्च २०१७ ची मुदत खेड्यापाड्यांना. जे बघाल त्याचेच पैसे द्याल, असं तेव्हा सांगत होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये नुसतं कनेक्शन चालू ठेवायला महिन्याला १३० रुपयांपर्यंत अधिक जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे लागू झाले. पैसे देऊन बघायचे चॅनेल त्यावर वेगळे. माझ्या आईला दोन मराठी चॅनेल नि बातम्या पुरतात. तिला हा भुर्दंड कशासाठी?

दादरचा_प्रेक्षक:
त्या १३० मध्ये १०० चॅनेल होते, २०२० च्या नियमबदलानंतर २०० झाले, तेही सांगा. आणि जुनी केबल आठवा. पडद्यावर मुंग्या, पावती नाही, कुठला चॅनेल दाखवायचा ते केबलवाला ठरवणार. अ‍ॅनालॉगमध्ये सगळ्या घरांत तोच सिग्नल जायचा, त्यामुळे तो सांगेल तेवढीच कनेक्शनं धरायची. करमणूक कर तिथेच बुडायचा. वायरीत जागा थोडी, म्हणून चॅनेलच केबलवाल्यांना पैसे मोजायचे. छोट्या मराठी चॅनेलला ते कुठून झेपणार?

मिरजकर:
हिशेब चोख झाला, पण कंपन्यांचा! पॅकमध्ये, म्हणजे एकत्र विकायच्या गठ्ठ्यात, घालायच्या चॅनेलला २०१९ मध्ये महिन्याला १९ रुपयांची मर्यादा आली, तर स्टार प्लस, झी टीव्ही, सोनी, कलर्स सगळ्यांनी नेमके १९च लावले. सुटे घ्यायला महाग, म्हणून लोक निमूट पॅक घेतात. शिवाय आमचा बॉक्स विकतचा, तरी केबलवाला बदलला आणि तो माळ्यावर गेला. सिम बदललं म्हणून कुणी मोबाइल टाकून देतं का?

वाशीमची_लेक:
तुम्ही दोघं केबलवरच अडलात. आमच्या वस्तीवर केबल आलीच नाही. दूरदर्शनची फ्री डिश २००४ पासून आहे. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, मग महिन्याला काही नाही. डिजिटलने गरिबाचं नुकसान केलं, हे मला अजिबात पटत नाही.

मिरजकर:
फ्री डिशवर खाजगी चॅनेल लिलावात जागा घेऊन येतात, परवडेनासं झालं की जातात. एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी हिंदी मनोरंजनाचे चॅनेल काढून नेलेच ना?

वाशीमची_लेक:
नेले. तरी आमची छत्री उतरली नाही. आईंना सह्याद्री आणि बातम्या चालणार असतील, तर तीच बसवा. इतर चॅनेलच्या मालिका हव्या असतील तर पैसे पडतील. ते दर कमी करा आणि कुठल्याही कनेक्शनवर चालणारा बॉक्स द्या, अशी मागणी करणार असाल तर मी तुमच्या बाजूने आहे.