मदत हवी आहे: मंडळीतला (चर्चमधला) विश्वासबंधू ऑफिसात माझ्या हाताखाली

प्रभूमध्ये सर्वांना नमस्कार. मी मंडळीत वडील, म्हणजे जबाबदारी सांभाळणारा पुढारी आहे आणि ऑफिसात टीम लीडर. आमच्या उपासनेत गीतं चालवणारा तरुण माझ्याच टीममध्ये आहे. काम सतत उशिरा देतो. चुकलेल्या भावाला पायरीपायरीने कसं समजवावं हे सांगणारी बायबलमधली वचनं, मत्तय 18:15-17, आठवून आधी एकांतात बोललो, मग एका सहकाऱ्याला घेऊन बसलो. फरक नाही. तिसरी पायरी मंडळीला कळवण्याची, पण दोष ऑफिसातला. तो तिथे नेणं मला मुळीच पटत नाही.

आता लेखी ताकीद द्यायची वेळ आलीय. रविवारी त्याच्याच शेजारी उभं राहून प्रार्थना करायची, या विचाराने जीव तुटतो. टीममधले इतर मात्र मी त्याला सांभाळून घेतो असं समजतात.

ज्यांनी अशी दुहेरी जबाबदारी पेलली आहे, त्यांनी कृपया सांगावं: आधी पाळकांशी (चर्चच्या पास्टरांशी) बोलू का, की तो ऑफिसच्या गोपनीयतेचा भंग होईल?