आईचं पूर्ण जठर काढायचं आहे: तयारी आणि धोक्यांबद्दल अनुभव हवेत

नमस्कार मंडळी,

आईला (वय ५८) जठराच्या वरच्या भागात कॅन्सर निघालाय. एफएलओटी या चार औषधांच्या केमोच्या ४ सायकल झाल्या. नव्या स्कॅनमध्ये गाठ आकसलेली दिसते, इतरत्र पसरलेलं नाही. आता टोटल गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे अख्खं जठर आणि भोवतालच्या लसिकाग्रंथी काढून लहान आतडं थेट अन्ननलिकेला जोडायचं. त्यातून सावरली की पुन्हा ४ केमो. आम्ही कराडचे, ऑपरेशन पुण्यात आहे.

मला सगळ्यात धास्ती आहे ती त्या जोडाची. सर्जननी नीट समजावलं की जोड गळला तर बहुधा पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत कळतं: ताप, नाडी वाढणं, छातीत किंवा पोटात दुखणं, दम लागणं. मग तोंडाने खाणं बंद, अँटिबायोटिक, साचलेलं काढायला नळी, कधी एंडोस्कोपीतून स्टेंट (गळणारी जागा आतून झाकणारी जाळीची नळी), तर कधी परत ऑपरेशन. रक्तस्राव, न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या हेही धोके आहेतच. अशी ऑपरेशनं जिथे जास्त होतात तिथे जिवाचा धोका कमी असतो, म्हणून तुमच्याकडे वर्षाला किती होतात आणि त्यात लीक किती, हे विचारणार आहे. असं विचारणं डॉक्टरांना खटकतं का? परळच्या टाटामध्ये दुसरं मत घ्यावं असंही मनात आहे, पण त्यात तारीख पुढे जाईल का? कोणी घेतलं असेल तर सांगा.

तयारी सुरू आहे. तंबाखूची मिश्री पूर्ण बंद केलीय, आणि या वयात तिने ती सोडली याचं मला फार कौतुक आहे. सकाळ-संध्याकाळ चालणं, श्वास ओढायचं ते तीन गोळ्यांचं यंत्र. अडतंय ते खाण्यावर. वजन उतरलंय, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी आहे आणि केमोपासून अन्नाची वासनाच गेलीय. अंडी, मुगाचं वरण, पनीर चालतं, प्रोटीन पावडर तोंडात धरवत नाही. अशात तुम्ही काय दिलंत?

आतड्यात फीडिंग ट्यूब घालून घरी पाठवतील म्हणतात. रात्री ती कोण सांभाळायचं? तुंबली तर काय करायचं? आमच्या गावात नर्स मिळणं कठीण आहे.

नंतरचं थोडंफार ठाऊक आहे. बी-१२ शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो, त्यामुळे इंजेक्शनं जन्मभर. दिवसातून सहा-आठ वेळा थोडंथोडं खायचं, जेवताना पाणी नाही. गोड खाल्लं की घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात, आणि एक-दोन तासांनी साखर उतरून चक्करही. हे डंपिंग कालांतराने कमी होतं का? आईने सर्जनना एकच विचारलं, "मला परत भाकरी खाता येईल का?" ते हो म्हणाले, पण हळूहळू. तुमच्या घरी ज्वारीची भाकरी किती महिन्यांनी जमली?

आत्या म्हणते, या वयात कापाकापी कशाला. आईचा मात्र निश्चय झालाय आणि मी तिच्या बाजूने आहे.

पुढच्या सोमवारी सर्जनना भेटायचंय. त्याआधी लिहिलंत तर प्रश्न कागदावर उतरवून नेईन. इथे लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.